जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर भंगारात देण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या साफसफाईच्या निमित्ताने घरातील बंद पडलेली विजेची उपकरणे ई-कचऱ्यात द्यावीत, असे आवाहन करणारा मजकूर आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य मुद्दा मला मान्य आहे. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय ज्या शहराने अंगी बाणवली, त्या इंदूरच्या नागरिकाने त्याला हरकत घेण्याचे कारणही नाही. मात्र त्या यादीत मोबाइल, संगणक आणि मिक्सर यांच्या पंगतीला जुने व्हॉल्व्हचे (म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे) रेडिओ व अ‍ॅम्प्लिफायर यांनाही बसवलेले होते, आणि ही यंत्रे वीज खातात, तापतात व त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, अशी कारणे दिली होती. मी असा एक अ‍ॅम्प्लिफायर बाळगून आहे आणि त्यावर नियमितपणे गिटार वाजवतो. या तीन आक्षेपांपैकी तापण्याचा आक्षेप खरा आहे, विजेचा अर्धवट खरा आहे आणि सुट्या भागांचा मुळीच खरा नाही. टंचाई आहे ती हे भाग बसवू शकणाऱ्या माणसांची, आणि तिच्याविषयी शहरात कोणी अवाक्षरही काढत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडचा अ‍ॅम्प्लिफायर फेंडर कंपनीचा असून त्याचे नाव ‘डिलक्स रिव्हर्ब’ असे आहे. माझे काका नोकरीनिमित्त अमेरिकेत होते. तिथला मुक्काम आटोपल्यावर त्यांनी बोटीने पाठवलेल्या सामानात तो आला आणि त्यांच्या पश्चात काकूंनी तो माझ्या हवाली केला. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९४६ साली ही कंपनी उभी केली आणि जानेवारी १९६५ मध्ये ती सीबीएस या प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेली. माझा अ‍ॅम्प्लिफायर त्या हस्तांतरानंतरचा आहे, म्हणजे हौशी खरेदीदारांच्या लेखी थोडा कमी प्रतिष्ठेचा. आतली जोडणी मात्र जवळजवळ पूर्वीचीच आहे, त्यामुळे हा प्रतिष्ठेचा फरक मला तरी कानांनी कधी जाणवलेला नाही.

तो १९६८ चा आहे हे मी घरातल्या आठवणींच्या आधारे सांगत नाही. त्या काळी अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांच्यावर उत्पादकाचा क्रमांक, वर्षाचा शेवटचा आकडा आणि आठवडा असे एकापुढे एक छापण्याची पद्धत होती. माझ्या ट्रान्सफॉर्मरवर ६०६-८-३२ असा शिक्का आहे. त्यातील ६०६ हा शूमाकर या ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, ८ हा वर्षाचा शेवटचा आकडा आणि ३२ हा त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. दशक कोणते, ते पुढच्या कापडाभोवती बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पट्टीवरून कळते, कारण ती १९६८-६९ च्या सुमारासच लावली जात असे. स्पीकरच्या कडेवर ४६५ पासून सुरू होणारा क्रमांक आहे, म्हणजे तो ऑक्सफर्ड कंपनीचा आणि बहुधा मूळचाच. जुना माल घेऊ पाहणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे, की आधी हे आकडे वाचावेत आणि मग विक्रेता काय सांगतो ते ऐकावे.

आता आक्षेपांकडे वळतो. या यंत्रात एकूण नऊ व्हॉल्व्ह आहेत: १२एएक्स७ जातीचे चार, १२एटी७ जातीचे दोन, ६व्ही६ हे स्पीकर चालवणारे दोन पॉवर व्हॉल्व्ह आणि जीझेड३४ हा एक रेक्टिफायर, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वाहती करणारा व्हॉल्व्ह. त्यांच्या आतल्या तारा तापवण्यात पंचवीस ते सत्तावीस वॅट खर्च होतात आणि उरलेल्या मुख्य पुरवठ्यासाठी साधारण ४० वॅट लागतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारी वीज धरली तरी सारा हिशेब जुन्या पद्धतीच्या छताच्या पंख्याइतका होतो. त्यातून स्पीकरला जास्तीत जास्त २२ वॅट मिळतात, म्हणजे कार्यक्षमतेच्या दृष्टीने हे यंत्र आजच्या यंत्रांपुढे टिकणार नाही, हे कबूल केले पाहिजे. पण दिवसाकाठी तासभर चालणाऱ्या पंख्याने कोणाचे वीजबिल वाढल्याचे ऐकिवात नाही, आणि मिरवणुकीत हजारो वॅटच्या भिंती उभारणाऱ्या शहराने २२ वॅटच्या पेटीला उधळी म्हणावे, हे जरा गमतीचेच आहे.

तापण्याचा प्रश्न मात्र व्हॉल्व्हच्या स्वभावातच आहे. काचेच्या निर्वात नळीच्या मध्यभागी कॅथोड असतो. आतली तार त्याला ६.३ व्होल्टवर तापवते आणि तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या प्लेटवर काही शे व्होल्टचा धन दाब असल्यामुळे ते तिकडे ओढले जातात आणि वाटेत त्यांना बारीक तारेची एक विरळ जाळी ओलांडावी लागते. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपने विजेत बदलणाऱ्या भागातून, आलेला क्षीण संदेश या जाळीवर पोहोचला की जाळीवरचा दाब किंचित वरखाली होतो आणि त्याबरहुकूम प्लेटकडे जाणारा प्रवाह मोठ्या प्रमाणात वरखाली होतो. अशी जाळी बसवण्याची कल्पना अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांची, १९०६ सालची. पुढे रेडिओ, टेलिफोन आणि बोलपट हे सारे याच नळीवर चालले, आणि १९५५ साली आपल्या इंदूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले तेव्हाचे प्रक्षेपणही व्हॉल्व्हवरच होते.

वादकाला या सगळ्याचा काय उपयोग, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. व्हॉल्व्हचा आवाज ‘उबदार’ असतो असे म्हणण्याची एक पद्धत पडून गेली आहे. त्यातून ऐकणाऱ्याला काहीही कळत नाही. खरा फरक संदेश यंत्राच्या मर्यादेजवळ पोहोचतो तेव्हा दिसतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सामान्यतः भरपूर निगेटिव्ह फीडबॅक दिलेला असतो (म्हणजे बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग उलटा करून आत परत दिलेला असतो), त्यामुळे मर्यादेपर्यंत तो अगदी स्वच्छ राहतो आणि मर्यादा ओलांडताच लहरीचा माथा एकदम सपाट होतो. ते कानाला कर्कश लागते. व्हॉल्व्हच्या जुन्या जोडणीत हा माथा आधी थोडा वाकतो, मग दबतो आणि बऱ्याच पुढे जाऊन सपाट होतो. शिवाय तार जोरात छेडली की रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि बेताचा ट्रान्सफॉर्मर यांच्यामुळे मुख्य व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि पुन्हा सावकाश वर येते. या दोन्ही गोष्टींचा परिणाम असा, की स्वराचा पहिला आघात दबतो आणि त्यामागून येणारी आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, त्या मानाने मोठी ऐकू येते.

याचा अनुभव मला जोरकस पाश्चात्त्य वादनापेक्षा आपल्या संगीतात अधिक येतो. आपल्या मराठी घरांमध्ये मांडीवर गिटार घेऊन स्टीलच्या पट्टीने भावगीते आणि नाट्यपदे वाजवण्याची जुनी हौस आहे, आणि मीही त्याच वाटेचा प्रवासी आहे. यमन वाजवताना तीव्र मध्यमावरून पंचमावर मींड घ्यायची असेल, तर तार एकदाच छेडून स्वर संपायच्या आत तिथे पोहोचावे लागते. साध्या अ‍ॅम्प्लिफायरवर पंचम येईतो आवाज विरलेला असतो आणि वादक नाइलाजाने पुन्हा छेडतो. व्हॉल्यूमचा नॉब तीनच्या आसपास ठेवला तर माझा अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ बोलतो, पाचच्या पुढे नेला तर गुरगुरू लागतो, आणि या दोहोंच्या मधोमध एक जागा अशी आहे की हलक्या छेडीला तो स्वच्छ राहतो व जोराच्या छेडीला किंचित खरबरीत होऊन आस लांबवतो. मींड तिथे पुरी होते. हल्लीची संगणकीय यंत्रे या वागणुकीची नक्कल उत्तम करतात, आणि ध्वनिमुद्रण ऐकून दोहोंतला फरक ओळखता येईल, असा दावा मी करणार नाही. वाजवणाऱ्याच्या बोटांना मात्र तो कळतो, आणि मी ऐकण्यापेक्षा वाजवण्यासाठी हे यंत्र ठेवले आहे.

सुटे भाग मिळत नाहीत हे विधान कोठून आले, ते मला कळले नाही. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी लागणारे जवळजवळ सर्व व्हॉल्व्ह रशियात सरातोव्ह येथे, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये बनत आले आहेत. २०२२ साली युक्रेनमधील युद्धामुळे रशियाचा पुरवठा काही काळ अडखळला आणि भाव चढले, पण माल बंद झाला नाही. आपल्याकडे तर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यांतला ईएल८४ हा व्हॉल्व्ह घरोघरच्या रेडिओत असे, आणि विलायतेत ज्या व्हॉक्स एसी३० अ‍ॅम्प्लिफायरवर बीटल्सनी वाजवले, त्यात याच जातीचे चार व्हॉल्व्ह असत. म्हणजे आजोबांच्या बंद रेडिओतून निघालेला आणि रद्दीबरोबर गेलेला व्हॉल्व्ह लंडनमधल्या एखाद्या गिटारवाल्याने आनंदाने विकत घेतला असता. इंदूरच्या जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत, जेल रोडपासून सियागंजपर्यंत, पुठ्ठ्याच्या डब्यांत बांधलेले व्हॉल्व्ह मी स्वतः पाहिलेले आहेत. दुकान मुलाकडे आले की तो मोबाइलचे सामान ठेवू लागतो आणि हे डबे अटालेवाल्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, जातात.

फसवणूकही होते, तिची नोंद करणे आवश्यक आहे. मलर्ड किंवा टेलिफुंकन या कंपन्यांच्या जुन्या व्हॉल्व्हना मोठा भाव असल्याने साध्या व्हॉल्व्हवरची अक्षरे पुसून ही नावे छापणारे विक्रेते आहेत. एका विक्रेत्याने असा माल मलाही दाखवला होता. टेलिफुंकनच्या छोट्या व्हॉल्व्हच्या तळाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह उठवलेले असते. ते नसेल तर वरच्या छापील नावावर पैसे टाकू नयेत. व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला वर किंवा कडेला जो चंदेरी लेप दिसतो, तो आत उरलेली हवा शोषून घेण्यासाठी असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे असे समजावे आणि तो व्हॉल्व्ह निःशंकपणे ई-कचऱ्यात द्यावा.

आता माणसांविषयी. माझा अ‍ॅम्प्लिफायर कित्येक वर्षे रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पडून होता आणि तो चालू करण्यासाठी शहरात माणूस मिळेना. एका नावाजलेल्या दुकानात सांगण्यात आले की आतले सगळे काढून त्या पेटीत ट्रान्झिस्टरचे तयार बोर्ड बसवून देतो. शेवटी इंदूरजवळच्या महूला, लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. महूला लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे आणि व्हॉल्व्हच्या काळात तिथे काम शिकलेली पिढी अजून त्या गावात आहे. वयाने मात्र सगळे सत्तरीच्या पुढचे. त्या गृहस्थांनी यंत्राला वीज देण्याआधीच मागची फळी काढली, नाकाने वास घेतला, ट्रान्सफॉर्मरवरून अंगठा फिरवला आणि ‘जळलेला नाही’ असे सांगितले. ते खरे की खोटे, हे मीटरने नंतर ठरवले. वासाचा निर्णय बरोबर निघाला.

त्यांची कामाची पद्धत मी बारकाईने पाहिली, कारण ती कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी होती. त्यांनी प्रथम सगळे व्हॉल्व्ह काढले आणि यंत्र सिरीज बोर्डवर लावले, म्हणजे शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब मधे घालून वीज दिली. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. आमचा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला. मग पत्र्याच्या टोपीखाली असलेले फिल्टरचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून तिचा प्रवाह सपाट करणारे भाग, त्यांनी बदलले. हे कंडेन्सर आतून वाळतात, आणि त्यांच्या वाळण्यानेच जुन्या यंत्रातून ती घूं करणारी गुणगुण येते. अमेरिकेत ती १२० हर्ट्झची असते, आपल्याकडे १०० ची. मूळचे १६ मायक्रोफॅरॅडचे होते, त्या जागी ५०० व्होल्टचे २२ मायक्रोफॅरॅडचे बसवले. व्हॉल्व्ह ज्यात बसतो त्या बेसची प्रत्येक पकड साफ करून सुईने किंचित आवळली, कारण निम्मी खरखर व्हॉल्व्हची नसून सैल बेसची असते. शेवटी यंत्र चालू करून पेन्सिलीच्या लाकडी टोकाने एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टकटक केली. ज्या व्हॉल्व्हची टकटक स्पीकरमधून घंटेसारखी ऐकू आली, तो काढून बाजूला ठेवला. मी हात पुढे केला तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, आधी मीटर लावा, मग बोट लावा.’

या वाक्यामागे मोठे कारण आहे आणि ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे अशी माझी विशेष इच्छा आहे. या यंत्राच्या आत ४०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि तो वायर भिंतीतून काढल्यानंतरही कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. योग्य रेझिस्टरमधून तो उतरवून मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालणे जिवावर बेतू शकते. दुसरा धोका यंत्र न उघडताही असतो. विजेच्या गिटारच्या तारा वायरच्या जाळीमार्गे अ‍ॅम्प्लिफायरच्या चॅसीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात, म्हणजे वादकाचा हात सतत चॅसीला लागलेला असतो असेच समजावे. जुन्या अमेरिकन यंत्रांना दोनच तारांची वायर असे, अर्थिंगची तार नसे, आणि आत एका बाजूच्या तारेपासून चॅसीपर्यंत एक कंडेन्सर लावलेला असे. तो कंडेन्सर शॉर्ट झाला की भिंतीतली वीज थेट गिटारच्या तारांवर येते. आमच्या महूच्या गृहस्थांनी तो पहिल्याच दिवशी कापून टाकला आणि तीन तारांची वायर बसवली. अर्थिंग नसल्याने काय होते, याचे उदाहरण द्यायचे तर १९७२ साली स्कॉटलंडमधील ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावरच मरण पावला. एका हाताची बोटे तारांवर असताना त्याने अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावला होता. आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवांत पावसाळी हवेत, ओल्या पायांनी आणि उघड्या जोडांनी जे कार्यक्रम होतात, त्यांच्या आयोजकांनी हे वाचावे. शहराच्या जुन्या भागांतील अनेक घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते, हेही तपासून घ्यावे.

परदेशातून आलेल्या यंत्राला आपली २३० व्होल्टची वीज थेट देऊ नये, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि ते स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतात. मात्र तेवढ्याने काम भागत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते, आपली ५० ची. केवळ ६० साठी बेतलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर आपल्याकडे तेवढ्याच व्होल्टेजला वीस टक्के जादा ताण पडतो आणि तो अधिक तापतो. त्यामुळे ११७ व्होल्टच्या यंत्राला ११० च्या आसपास देणे बरे. तारा थोड्या कमी तापतात, पण त्याने बिघडत काही नाही. रात्री उशिरा आमच्या भागात व्होल्टेज बरेच चढते, म्हणून मी मधे स्टॅबिलायझरही ठेवला आहे. स्पीकरची वायर काढून यंत्र चालू करणे हा आणखी एक हमखास घात आहे. भार नसल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, इतका दाब निर्माण होतो की त्याचे इन्सुलेशन फुटते, आणि हा एकच भाग असा आहे की जो गेला तर मूळचा पुन्हा मिळणे दुरापास्त असते.

माळव्याची हवा कोरडी म्हणून नावाजलेली असली तरी पावसाळ्याचे चार महिने या यंत्राला मानवत नाहीत. आतले सगळे भाग काळ्या तंतुमय पुठ्ठ्याच्या पट्टीवर टाचलेले असतात. हा पुठ्ठा दमट होऊन किंचित वीज वाहू लागतो आणि मग कोणताही व्हॉल्व्ह बदलला तरी खरखर जात नाही. अशा वेळी यंत्र आठवड्यातून दोनतीनदा चालू ठेवणे हाच उत्तम उपाय, कारण ते आपल्याच उष्णतेने कोरडे राहते. तापण्याचा आक्षेप घेणाऱ्यांनी ही बाजूही ध्यानात घ्यावी. पेटी पाइनच्या लाकडाची असल्यामुळे वाळवीची भीती असते. ती जमिनीवर न ठेवता लोखंडी घडवंचीवर ठेवावी आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. उंदरांना स्पीकरचा कागद आवडतो, एवढे सांगून पुढे जातो.

शेजाऱ्यांचा विचार न करता हे यंत्र बाळगता येत नाही. २२ वॅट हा आकडा लहान वाटतो, पण बारा इंची स्पीकरमधून तो जवळच्या अंतरावर शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. वॅट निम्मे केल्याने आवाज निम्मा होत नाही. कानाला निम्मा वाटायला वॅट दहापट कमी करावे लागतात. म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तरुणाने मोठे यंत्र घेण्याच्या भरीस पडू नये. एकच ६व्ही६ व्हॉल्व्ह असलेले चार-पाच वॅटचे लहान यंत्र त्याला पुरून उरेल, आणि त्याची दुरुस्तीही शिकण्याजोगी सोपी असते. मी दुपारी, खिडक्या लावून वाजवतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी अद्याप तक्रार केलेली नाही, फक्त एकदा अमुक नाट्यपद येते का, अशी विचारणा केली.

मूळ मुद्दा असा, की इंदूरमध्ये माझ्यासारख्या अमेरिकन पेट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, पण साठ-सत्तरच्या दशकातले देशी बनावटीचे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर शाळांच्या, भजनी मंडळांच्या, गणेश मंडळांच्या आणि गिरण्यांच्या जुन्या संघटनांच्या अडगळीत अजून पुष्कळ आहेत. त्या काळी आयातीवर कडक निर्बंध असल्याने परदेशी यंत्र मागवणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते आणि गावोगावचे रेडिओ मेकॅनिक गिटारवाल्यांना असेच लाउडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर जुळवून देत. त्यांतले ट्रान्सफॉर्मर भक्कम आहेत. थोडे कंडेन्सर आणि रेझिस्टर बदलून त्यांचा गिटारसाठी उत्तम उपयोग होतो, आणि हा खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा भाग असतो. भंगारात मात्र त्यांना तांब्याच्या आणि लोखंडाच्या वजनाचा भाव मिळतो, आणि व्हॉल्व्ह फोडून टाकले जातात.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत केवळ पुनर्चक्रण करणाऱ्यांनाच नव्हे, तर दुरुस्त करून वस्तू पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही स्थान दिलेले आहे. त्यामुळे महापालिकेच्या संकलन केंद्रांवर आलेली व्हॉल्व्हची यंत्रे वेगळ्या कपाटात ठेवून महिन्यातून एकदा जाणकाराला दाखवावीत, ही सूचना नियमांच्या विरोधात जाणारी नाही. आपल्या शहरात १९५२ सालापासून श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान संस्था आहे, आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना महूच्या निवृत्त मंडळींकडून आठवडाभर हे काम शिकवण्याची व्यवस्था झाली, तर त्या विद्यार्थ्यांना निदान जास्त व्होल्टेजवर सुरक्षितपणे काम करण्याची सवय लागेल, जी अन्यत्रही उपयोगी पडते. सिरीज बोर्ड, मीटर, डाग देण्याचे सोल्डरिंग आयर्न आणि एक बंद रेडिओ, एवढ्या सामग्रीवर हे शिक्षण सुरू होऊ शकते. ज्यांच्याकडून शिकायचे, त्यांची वये पाहता हे याच वर्षी व्हावे.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी किंवा मंडळात असे यंत्र असेल, त्यांनी ते सहज गंमत म्हणून प्लगमध्ये लावून पाहू नये, अटालेवाल्यालाही देऊ नये आणि आतले व्हॉल्व्ह काढून मुलांना खेळायला तर मुळीच देऊ नये. मागची फळी न उघडता, कोरड्या जागी, उंचावर ठेवावे आणि जाणकार मिळेपर्यंत थांबावे. जागेअभावी पत्र संक्षिप्त करणे आपल्याला भाग पडले, तर माझ्या यंत्राची माहिती आणि यमनाचा परिच्छेद खुशाल वगळावा. अर्थिंग, साठलेला विद्युतदाब आणि सिरीज बोर्ड यांविषयीचा मजकूर मात्र जसाच्या तसा छापावा, ही नम्र विनंती.

आपला नम्र,
एक वाचक व गिटारवादक
रामबाग, इंदूर